कवडसा सरकेपर्यंत

लॉकवुड्स पॉइंट, ईरी सरोवराचा काठ
११ मार्च १९९६

डेल,

फोन केला की माझा आवाज ऐकून ठेवून देतोस, म्हणून पत्र. पत्र ठेवून देता येत नाही, फाडावं लागतं, आणि फाडायच्या आधी माणूस वरची ओळ तरी वाचतोच. तर वरची ओळ ही: मी ठीक आहे, घर ठीक आहे, आईची गुलाब छाटायची कात्री सापडत नाही.

तूच नेली असणार. ऑक्टोबरात गेलास तेव्हा तुझ्या गाडीत कपडे होते, बूट होते, नवा कॅमेरा होता. जुना कॅमेरा मला ठेवून गेलास. कात्रीचं मला पाच महिने कळलं नाही, कारण थंडीत गुलाबाकडे बघतंय कोण. काल छाटणीला म्हणून मागच्या दाराच्या खिळ्याकडे हात नेला, तर खिळा रिकामा. का नेलीस ते विचारत नाही. तुझ्याकडे तिकडे सुपीरियर सरोवराच्या काठी गुलाब आहेत असंही वाटत नाही.

बर्फ फुटलाय. किनाऱ्याला त्याचे ढीग लागलेत, मळक्या गाद्यांसारखे. मोटेल एक तारखेला उघडलं, बावीस खोल्या, आणि गिऱ्हाईक दोन. दोघंही बूट न काढता झोपणारे. पाणथळीत लाल खांद्यांचे काळे पक्षी आले, वेताच्या शेंड्याला लटकून ओरडतायत. तुझी पालथी बादली पडवीत आहे तशीच आहे. मी हलवलेली नाही.

होडीच्या कारखान्यात तुझ्या जागी नवा माणूस घेतला. तो शिट्टी वाजवत रंग लावतो म्हणे. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

व्हर्ना

१४ एप्रिल

डेल,

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, पण टपालपेटी रोज उघडून बघते. त्याचा काही खर्च नाही.

एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. मी काढलेला तो घरट्याचा फोटो अ‍ॅल्मा स्ट्राउडनं यंदाच्या पाखरांच्या मेळ्याच्या पत्रकावर छापलाय. सभागृहात सप्टेंबरपासून टांगलेला आहेच, पहिल्या बक्षिसाच्या निळ्या फितीसकट. आता तो दुकानाच्या दारावर, पेट्रोलपंपावर, मोटेलच्या खिडकीत, सगळीकडे आहे. खोल्या झाडायला गेले तर प्रत्येक टेबलावर मीच काढलेली पिवळ्या वटवट्याची मादी घरट्यात बसून, चोच उघडून माझ्याकडे बघते. खाली अ‍ॅल्मानं छापलंय, ‘आईचं गाणं’.

मी तिला छाप म्हटलं नाही. छापू नकोस असंही म्हटलं नाही.

घरट्यावरच्या त्या फांद्या हरणानं खाल्ल्या हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. तू म्हणालास, हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओरबाडतं, आणि फोटोत डाव्या कोपऱ्यात दिसतो तो काप तिरका आणि स्वच्छ आहे. मग मी म्हणाले ससा असेल. तू म्हणालास, “साडेचार फुटांवर? ससा शिडी घेऊन आला होता का, व्हर्ना?”

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसून लोळले असते. पण तू व्हर्ना म्हणालास. तुला आई गेल्यापासून मी वाढवलं. खूश असलास की व्हर्नी आणि रागात असलास की व्हर्ना, हे तू पाच वर्षांचा होतास तेव्हापासून चालत आलंय. आता सात महिने झाले, व्हर्नी ऐकलं नाही.

आणि मग जाताना म्हणालास की ते चित्र त्या भिंतीवर आहे तोवर या गावात पाय ठेवणार नाही. एवढ्याशा पाखरासाठी कुणी घर सोडतं का?

शुक्रवारी चर्चच्या हॉलात माशांचं जेवण होतं. पर्च तळला होता, तुझ्या वाटणीचा मीच खाल्ला. बोलावंसं वाटलं असं कुणी नव्हतं.

व्हर्ना

६ मे

डेल,

आली. तीन तारखेला दक्षिणेचा वारा सुटला आणि सकाळी सगळ्या झाडांवर पाखरं, हात लावता येईल इतकी खाली. सरोवर ओलांडायच्या आधी दम खातायत. लाकडी वाटेवर माणसांची नुसती रेटारेटी, आणि प्रत्येकाच्या गळ्यात तोफ.

मी तुझा जुना कॅमेरा घेऊन जाते, सकाळी सहा ते आठ, मग मोटेल. पहिला रोल टोलेडोहून धुऊन आला. छत्तीसपैकी छत्तीस वाया. पाखरू आहे, पण पानांतून उतरलेला कवडसा छातीवर पडलाय तिथं नुसतं पांढरं भोक, आणि डोळ्यावर पानाची सावली, म्हणजे डोळाच नाही. अर्धं पाखरू जळालेलं, अर्धं बुडालेलं. मला इतका राग आला की मी पाकीट स्वयंपाकघराच्या भिंतीवर फेकलं. मग उचललं आणि एकेक परत बघितला.

तू सांगायचास तेव्हा मी ऐकत नव्हते, आता चादरी धुताना आठवतं. ब्लीचचा थेंब पडला की तिथला रंग गेला. मळ निघतो, रक्ताचा डाग निघतो, गेलेला रंग परत येत नाही. म्हणून उजेडाचं माप घ्यायचं ते कवडशाचं घ्यायचं, सावलीचं नाही. सावली काळी राहिली तरी तिच्यात काहीतरी शिल्लक असतं. एवढं मला आता कळलं. पुढच्या रोलमध्ये पांढरी भोकं कमी झाली.

दुसरं तू म्हणायचास की पाखराच्या मागे धावायचं नाही. आधी फांदी शोधायची, जिच्यावर उजेड सारखा पडलाय, भगभगीत नाही आणि काळाही नाही, आणि तिच्यावर कॅमेरा रोखून बसायचं. पाखरू त्याच्या सवडीनं येईल. नाहीतर पातळ ढगाची वाट बघायची. नाहीतर कवडसा सरकायची. “उजेडाला घाई करता येत नाही, व्हर्नी. बादलीवर बस.”

मी बसते रे. वीस मिनिटांत पायाला मुंग्या येतात, मी उठते, आणि मी उठले की मेलं नेमकं त्याच फांदीवर येऊन बसतं. ओळखतं मला.

काल क्लीव्हलँडचा एक गृहस्थ, चुलीच्या धुराड्याएवढी लेन्स, मला म्हणतो, “बाई, तुमच्या पांढऱ्या एप्रनचा उजेड पाखरावर पडतोय.” मी म्हटलं, पडू दे की, फुकट आहे. त्याला हसू आलं नाही. तुला आलं असतं.

पिवळ्या वटवट्यांतले काही इथं राहतात, काही पुढे जातात. आज माझ्या डोक्यावरच्या विलोच्या झाडात एक होता, तो आठवड्याभरात तुझ्याकडे पोचेलही. मी त्याला अर्धा तास बघत होते. तू बघशील तेव्हा तोच आहे हे तुला कळायचं नाही, मलाही नाही. पण मी बघून ठेवलंय.

व्हर्ना

१२ मे

डेल,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. दोन चुलीत गेली.

काल मेळ्याचा पहिला दिवस. अ‍ॅल्मानं मला फोटोजवळ उभं केलं, नवा ब्लाउज घालून, येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगायला. मी सांगत होते. मग अ‍ॅबनर आला. तोच, होम्स काउंटीचा आमिश पंथाचा म्हातारा, तू ज्याला सगळ्यात तीक्ष्ण डोळ्याचा म्हणायचास. त्यांच्यात स्वतःचे फोटो काढत नाहीत, पण पाखराच्या फोटोपुढे तो हॅट काढून उभा राहिला, खूप वेळ. लोक त्याच्या मागून पुढे जात होते.

मग म्हणाला, “गात नाही ही.”

मी म्हटलं, चोच उघडी आहे की.

“उन्हानं उघडलीय. धापा टाकतेय.” आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणानं, गायीची चौकशी करावी तसं, “अंडी फुटून पिल्लं निघाली का, बाई?”

 मी म्हटलं मला कॉफी बघायचीय, आणि मागच्या दारानं बाहेर पडले ते थेट घरी.

हरीण नव्हतं. ससा नव्हता. मी होते.

तीन जून. तू कारखान्यात होतास. होडीघरामागचं ते लाल फांद्यांचं झुडूप तू अकरा वर्षं सांभाळलंस आणि घरट्याची जागा कुणाला सांगितली नव्हतीस, पाखरं बघणाऱ्यांत ती कुणी कुणाला सांगत नाही. मला सांगितलीस. सव्वादहाला कवडसा घरट्यावरून सरकतो आणि अकरा मिनिटं उजेड सारखा असतो, हेही सांगितलंस. तोवर बादलीवर बस म्हणालास.

मी आठला गेले. साडेनऊपर्यंत बसले. कवडसा तिच्या छातीवर, पानाची सावली डोळ्यावर, आणि ती दोन्ही हलत नव्हती. बाराला मोटेलवर माझी पाळी होती. सकाळी गुलाब छाटले होते, कात्री एप्रनच्या खिशात होती. मी चार फांद्या कापल्या, वरच्या बाजूच्या. मला वाटलं, चारच तर आहेत. झुडूप केवढं थोरलं.

ती उडाली आणि दहा मिनिटांत परत आली. आता कवडसा नव्हता, सावली नव्हती, सगळं लख्ख. ती अंड्यांवर पंख जरा पसरून बसली आणि तिनं चोच उघडली. मला वाटलं, काय नशीब आहे. मी सगळा रोल संपवला.

आणि हे तुला माहीत नाही. पाच तारखेला मी तुझ्या आधी तिथं गेले होते. घरटं वाकडं झालं होतं, खाली एका अंड्याचं टरफल. निळा जे, अंडी पळवणारा तो पक्षी, वरच्या फांदीवर बसला होता. आधी त्याला वरून काही दिसत नव्हतं, मी दार उघडून दिलं. मी घरी आले आणि तुला काही बोलले नाही. संध्याकाळी तू जेवणाचा डबा हातात घेऊनच तिकडे गेलास, मी खिडकीतून बघत होते. परत आलास आणि नुसतं म्हणालास, “जे.” मी तुला ओव्हनमधला गोड पाय वाढला. रूबार्बचा. तू दोन तुकडे खाल्लेस, मला बरं वाटावं म्हणून, कारण तुला वाटलं मलाही वाईट वाटतंय.

सप्टेंबरात तू फोटो बघितलास, घरी येऊन खिळ्यावरची कात्री काढलीस आणि तिच्या सांध्यात अडकलेली लाल साल नखानं उकरलीस. गुलाबाची साल लाल नसते. तू मला ती दाखवलीस आणि तरीही मी हरीण म्हणाले.

पाखरू गेलं म्हणून तू गेला नाहीस. जे पक्षी दरवर्षी अंडी खातातच. मला एवढं कळतं, शाळा सुटली असली तरी.

व्हर्ना

२० मे

डेल,

चित्र उतरवलं.

शनिवारी, भर दुपारी, सभागृह भरलेलं, लोक कागदी ताटल्यांत पर्च खात होते. मी खुर्चीवर चढले आणि खिळ्यावरून काढलं. अ‍ॅल्मा धावत आली. तिला वाटलं मला दुसऱ्या भिंतीला हवंय.

“व्हर्ना, खाली उतर. पडशील.”

मी म्हटलं, अ‍ॅल्मा, हिच्या डोक्यावरच्या फांद्या मी कापल्यात. ही गात नाही, ही उन्हात भाजतेय. दोन दिवसांत घरटं गेलं.

मी मोठ्यानं बोलते ते तुला माहीत आहे. काटे ताटल्यांवर थांबले. क्लीव्हलँडवाला धुराड्यासकट वळून बघत होता. अ‍ॅल्मा हळूच म्हणाली, अगं, हे मला आत येऊन सांगायचं, सगळ्यांसमोर कशाला, हजार पत्रकं छापलीत. मी म्हटलं बक्षीस सगळ्यांसमोर घेतलं होतं. फीत तिच्या हातात दिली. तिनं ती कुठं ठेवावी हे तिला कळेना, शेवटी लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली.

 एका बाईनं मला पाठ दाखवली, ती टोलेडोची, घरट्यांची नोंद ठेवते ती. बरोबर केलं तिनं. मी दारापर्यंत गेले तर अ‍ॅबनर बाकावर बसून गोड पायचा तुकडा खात होता. तो सरकला आणि त्यानं जागा केली. मी बसले नाही. बसले असते तर रडले असते, आणि हातात तो फोटो होता, काचेसकट.

भिंतीवर आता खिळा आहे, नुसता. मी तुला ये म्हणत नाही. तू म्हणाला होतास की चित्र आहे तोवर येणार नाहीस, चित्र नसलं की येईन असं काही म्हणाला नव्हतास. मी तुझं बोलणं नीट आठवून बघितलं.

सोबत एक फोटो पाठवते. नऊ मेचा, होडीघराकडचा नाही, लाकडी वाटेवरचा. पिवळा नर आहे. डोळ्यावर अर्धी सावली पडलीय आणि शेपटीवर कवडसा. दोन तास बसले, कवडसा सरकलाच नाही, ढग आला नाही, मग आहे तसाच काढला. चांगला नाही. पण डोळा सावलीत असला तरी आहे, नीट बघितलंस तर दिसतो.

व्हर्ना

९ जून

डेल,

पार्सल आलं.

उघडलं तर वर्तमानपत्रात गुंडाळलेली कात्री. एक ओळ नाही. पान उलटं करून बघितलं, खोक्याचा तळ बघितला, तुमच्या तिकडच्या मासेमारीच्या बातम्यासुद्धा वाचल्या. मला असा संताप आला. म्हटलं, माणूस ‘घे तुझी कात्री’ एवढं तरी लिहितो. पोस्टमन अजून फाटकात होता, त्याला म्हटलं, बघ, हा माझा भाऊ. तो म्हणाला, “पाठवलं तर आहे ना, बाई.” त्याला कुणी विचारलं होतं.

मग कात्री उघडली. पात्यांना धार लावलीयस. सांध्यात तेल घातलंयस आणि सांधा इतका स्वच्छ आहे की आई असतानाही तसा नव्हता. आणि मग मी खोकं जाळायला नेलं, आणि चुलीशी उभी राहून वरचा पत्ता वाचला. माझा पत्ता मी कशाला वाचेन, म्हणून आधी बघितला नव्हता.

तू लिहिलंयस, व्हर्नी कोवाच.

मी खोकं जाळलं नाही.

आता ऐक. कात्री आली खरी, पण मी ती खिळ्याला टांगून ठेवलीय. गुलाब यंदा कुणी छाटले नाहीत, त्यामुळे ते असे माजलेत की पडवीच्या कठड्यावरून आत आलेत, आणि येताजाता माझा एप्रन धरतात. मंगळवारी मी हातानंच एक फांदी मोडायला गेले, तर आतून पिवळं काहीतरी निसटलं.

पडवीच्या दुसऱ्या पायरीपासून डावीकडे, खालून तिसऱ्या जाड फांदीच्या बेचक्यात. चार अंडी. काटे सगळीकडून आहेत, जे पक्ष्याला आत डोकं घालायचं तर दोनदा विचार करावा लागेल. कपडे वाळत घालायची दोरी मी तिथून काढून पेअरच्या झाडाकडे नेली. मी मागच्या दारानं ये-जा करते. अ‍ॅल्माला सांगितलं नाही. अ‍ॅबनरलाही नाही. तुला सांगते.

सकाळी ऊन पेअरमधून येतं, तेव्हा सगळं घरटं ठिपक्याठिपक्यांचं असतं, एक ठिपका नेमका तिच्या डोळ्याशी. नऊ वाजून पाच मिनिटांनी तो सरकतो. मग जवळजवळ बारा मिनिटं उजेड सारखा असतो आणि ती अगदी पिवळी दिसते, कुठंही जळलेली नाही, कुठंही काळी नाही. चार दिवस घड्याळ लावून बघितलंय. कॅमेरा घरातच आहे, रोल भरलेला. मी एकही फोटो काढलेला नाही. माझा हात लागला की काय होतं ते बघितलंय मी.

अंडी फुटायला साधारण आठवडा आहे, माझा हिशेब चुकला नसेल तर. मग पिल्लं उडायला अजून नऊ-दहा दिवस.

पडवीच्या त्या टोकाला, तिला त्रास होणार नाही इतक्या लांब, मी दोन बादल्या पालथ्या घातल्यात. एकीवर मी बसते. नऊ वाजून सतरा मिनिटांपर्यंत उठत नाही.

व्हर्नी